जुन्या टीव्हीवर अँटेनाचं एचडी: अडतं कुठे आणि बदलायचं काय

टीव्हीवर 'एचडी'चा स्टिकर आहे, छपरावर अँटेना आहे, नेहमीचे चॅनेल व्यवस्थित दिसतात, पण प्रक्षेपण केंद्राने सुरू केलेला एचडी चॅनेल काही केल्या सापडत नाही. अशा वेळी माणूस नवा टीव्ही घ्यायला निघतो, नाहीतर अँटेनाला बूस्टर जोडतो. बऱ्याचदा दोन्हीची गरज नसते. अडचण एका ठरावीक जागी असते आणि ती जागा घरबसल्या, रिमोटवरच ओळखता येते.

इथे विषय आहे तो टेरेस्ट्रियल प्रक्षेपणाचा, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून थेट घरच्या अँटेनावर येणाऱ्या सिग्नलचा. डिश, केबल आणि इंटरनेट यांचा त्याच्याशी संबंध नाही, आणि त्यांच्यासाठीचे बॉक्स इथे चालत नाहीत.

स्टिकर पॅनेलचा, अडचण ट्यूनरची

टीव्हीच्या पोटात तीन वेगळी कामं चालतात. ट्यूनर हवेतली लहर पकडून तिच्यातला डेटा बाहेर काढतो. डीकोडर त्या आक्रसून पाठवलेल्या डेटातून पुन्हा पूर्ण चित्र उभं करतो. पॅनेल ते दाखवतं. बाहेरचा स्टिकर बहुतेक वेळा फक्त पॅनेलविषयी असतो. युरोपात २००५ मध्ये 'एचडी रेडी' ही खूण ठरली, तेव्हा तिच्या मुख्य अटी होत्या किमान ७२० ओळींचं पॅनेल आणि एचडीसीपी हे कॉपी-संरक्षण समजणारा डिजिटल जॅक. ट्यूनरने एचडी पकडलंच पाहिजे, अशी अट त्यात नव्हती. ट्यूनरसकट टीव्हीसाठी वेगळी खूण होती. त्यामुळे १३६६ × ७६८ किंवा अगदी १९२० × १०८० पॅनेलचे असंख्य टीव्ही असे आहेत, की बाहेरून एचडी आणून दिलं तर झकास दाखवतात, पण हवेतून स्वतः आणू शकत नाहीत.

टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट करून हे सुटेल, अशी आशा ठेवू नका. ट्यूनरमधला डीमॉड्युलेटर, म्हणजे लहरीतून डेटा काढणारा भाग, आणि चित्र उलगडणारा डीकोडर ही दोन्ही चिपवर कोरलेली कामं आहेत. नवी पद्धत त्या चिपला येत नसेल, तर कुठलंही अपडेट ती शिकवू शकत नाही.

हवेत जागा कमी, म्हणून पद्धत नवी

टीव्हीसाठीची हवेतली जागा ठरावीक रुंदीच्या पट्ट्यांत वाटलेली असते: बऱ्याच देशांत ८ मेगाहर्ट्‌झ, अमेरिका, जपान, ब्राझीलमध्ये ६. डीव्हीबी-टी ही पहिल्या पिढीची डिजिटल पद्धत ८ मेगाहर्ट्‌झच्या पट्टीतून सेकंदाला साधारण २४ मेगाबिट डेटा नेते. चित्र आक्रसण्याची जुनी पद्धत म्हणजे एमपेग-२. तिच्यात एका चांगल्या एचडी चॅनेलला १२ ते १८ मेगाबिट लागतात, म्हणजे एका पट्टीत एक, फार तर दोन चॅनेल. एसडीचे, म्हणजे जुन्या साध्या दर्जाचे, मात्र तेवढ्यातच पाच-सहा मावतात. बऱ्याच केंद्रांना हा सौदा तोट्याचा वाटला.

मग दोन बाजूंनी काम झालं. आक्रसण्याची पद्धत सुधारली: एच.२६४ ने, जिला एमपेग-४ असंही म्हणतात, गरज जवळपास निम्म्यावर आणली आणि नंतरच्या एचईव्हीसीने तीही जवळपास निम्मी केली. दुसऱ्या बाजूला वाहून नेण्याची पद्धत बदलली. २००९ मध्ये डीव्हीबी-टी२ हे मानक आलं आणि तेवढ्याच पट्टीतून सुमारे ४० मेगाबिट जाऊ लागले.

या दोन बाजू एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, आणि सगळा घोळ इथेच होतो. ब्रिटनने डिसेंबर २००९ मध्ये टेरेस्ट्रियल एचडी सुरू केलं ते डीव्हीबी-टी२ आणि एच.२६४ अशा जोडीने. फ्रान्सने वाहतूक जुनीच, डीव्हीबी-टी, ठेवली आणि ५ एप्रिल २०१६ रोजी सगळं प्रक्षेपण एमपेग-४ वर नेलं. स्पेननेही डीव्हीबी-टीच ठेवलं आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी एसडी बंद केलं. जर्मनीने २०१७ च्या मार्चअखेर एकदम डीव्हीबी-टी२ अधिक एचईव्हीसी अशी उडी घेतली. तिथे नुसतं 'टी२' लिहिलेला पण एचईव्हीसी न येणारा बॉक्स कुचकामी ठरला. अमेरिकेतली एटीएससी ही पद्धत पहिल्यापासून एचडी धरूनच आखलेली, एमपेग-२ मध्ये, त्यामुळे २००७ नंतरचा जवळपास प्रत्येक टीव्ही तिथे हवेतलं एचडी घेतो. तिथला नवा प्रश्न एटीएससी ३.० चा आहे, आणि ती जुन्या ट्यूनरला अजिबात कळत नाही. जपान आणि ब्राझील दोन्हीकडे आयएसडीबी-टी कुळातली पद्धत आहे, पण जपानमध्ये चित्र एमपेग-२ चं आणि ब्राझीलमध्ये एच.२६४ चं. भारतात दूरदर्शनने डिजिटलसाठी निवडलं ते डीव्हीबी-टी२.

म्हणून खरेदीआधी आपल्या भागातल्या केंद्राबद्दल तीन गोष्टी माहीत हव्यात: वाहतुकीची पद्धत कोणती, चित्र कशात आक्रसलंय आणि आवाज कशात. आवाजाचा मुद्दा लोक हमखास विसरतात. एचई-एएसी, ई-एसी-३ किंवा एटीएससी ३.० मधला एसी-४ टीव्हीला येत नसेल, तर चित्र काचेसारखं स्वच्छ आणि आवाज शून्य, असा प्रकार होतो. लोक मग स्पीकर तपासत बसतात.

आपला टीव्ही नेमका कुठे अडतो

मागच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. एकच मॉडेल वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या ट्यूनरसह विकलं जातं आणि फरक अनेकदा त्या शेवटच्या एक-दोन अक्षरांत असतो. त्या नंबराच्या माहितीपत्रकात 'ट्यूनर' ही ओळ पाहा. नुसतं डीव्हीबी-टी/सी असेल तर टी२ नाही. टी२/सी/एस२ असं असेल तर आहे. ओळीत फक्त एस२ दिसत असेल तर तो डिशसाठीचा आहे, अँटेनाचा नाही. 'व्हिडिओ डीकोडर'ची ओळ वेगळी वाचा, आणि एक सापळा लक्षात ठेवा: यूएसबीवरून एचईव्हीसी फाइल चालते म्हणजे अँटेनावरूनही चालेलच असं नाही. काही टीव्हींत हे दोन मार्ग वेगळे असतात.

माहितीपत्रक नसेल तर टीव्हीलाच विचारा. मेनूत चॅनेल शोधण्याचे दोन प्रकार असतात, ऑटो आणि मॅन्युअल. मॅन्युअलमध्ये जा. तिथे 'टी' की 'टी२' असा पर्याय दिसला तर निम्मं उत्तर मिळालं. मग एचडी ज्या पट्टीवर आहे तिचा नंबर टाका. ८ मेगाहर्ट्‌झच्या बहुतेक देशांत यूएचएफची (टीव्हीच्या फ्रीक्वेन्सींचा वरचा भाग) २१ नंबराची पट्टी ४७४ मेगाहर्ट्‌झवर असते आणि पुढच्या प्रत्येक नंबराला ८ मिळवायचे. म्हणजे ३० वी पट्टी ५४६ वर. नंबर टाकला की पडद्यावर सिग्नल मोजणाऱ्या दोन पट्ट्या दिसतात, एक ताकदीची आणि एक दर्जाची. खरं निदान या दोन पट्ट्यांत आहे.

ताकद भरपूर, दर्जा शून्य आणि चॅनेलचं नावही येत नाही: लहर पोचतेय, पण ट्यूनरला ती भाषा येत नाही. बाकीचे चॅनेल त्याच अँटेनावर ठणठणीत दिसत असतील तर हा निष्कर्ष जवळपास पक्का. अँटेनाला हात लावू नका, बॉक्स घ्या, म्हणजे नवी पद्धत समजणारा बाहेरचा ट्यूनर.

चॅनेलचं नाव आलं, दर्जाही चांगला, कार्यक्रमाची माहितीसुद्धा दिसते, पण पडदा काळा, किंवा चॅनेल रेडिओच्या यादीत जाऊन बसला आणि नुसता आवाज येतोय: ट्यूनर ठीक आहे, डीकोडर अडला. औषध तेच, बॉक्स.

ताकद कमी, दर्जा वरखाली, चित्राचे चौकोन होऊन फुटतात: आता मात्र दोष अँटेना किंवा केबलचा. इथे नवा टीव्ही आणलात तरी तो तसाच फुटेल.

दोन्ही पट्ट्या शून्य: टाकलेला फ्रीक्वेन्सीच्या पट्टीचा नंबर चुकलाय, केबल तुटली आहे, किंवा अँटेना त्या केंद्राकडे नाहीच.

आणि एक शक्यता अगदी साधी: एचडी आधीच आलेलं असतं. बऱ्याच देशांत १, २, ३ या जुन्या नंबरांवर एसडी आवृत्तीच राहते आणि एचडी शंभरच्या पुढे कुठेतरी बसते. सवयीने १ दाबणारा माणूस वर्षानुवर्षं एसडी पाहत राहतो. माहितीचं बटण दाबा. १०८०आय किंवा ७२० असं दिसलं की एचडी, ५७६ किंवा ४८० दिसलं की एसडी.

फरक दिसेल का, हे आधी मोजा

एसडी चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं आणि एचडी १९२० × १०८० चं, म्हणजे पाचपट ठिपके. पण डोळ्याला मर्यादा असते. पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरापर्यंत १०८० ओळींचा पूर्ण बारकावा दिसतो. सहापट अंतरावर ५७६ ओळीच डोळ्याला पुऱ्या पडतात. ३२ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची सुमारे ४० सेंटीमीटर. तो तीन मीटरवरून पाहत असाल तर एचडीचा फायदा कागदोपत्रीच राहील. ४३ इंचीची उंची ५३–५४ सेंटीमीटर, म्हणजे दीड-पावणेदोन मीटरवर सगळं दिसतं आणि तीन मीटरवरही थोडा फरक जाणवतो.

तरीही लहान टीव्हीवर एचडी चॅनेल उजवा वाटतो, आणि त्याला कारण आहे. एसडी चॅनेलला पुष्कळदा इतका कमी डेटा दिलेला असतो, की गवत, पाणी, गर्दी आली की चित्र चिखल होतं. एचडीच्या वाट्याला डेटा जास्त येतो, म्हणून हलती दृश्यं सुटी आणि स्वच्छ दिसतात. क्रिकेट किंवा फुटबॉल पाहणाऱ्या घरात बदल करण्यासारखा आहे. फक्त बातम्या लागत असतील तर घाई नको.

बॉक्स: घेताना आणि जोडताना

बॉक्सवर आपल्या भागातल्या तिन्ही पद्धती, वाहतूक, चित्र आणि आवाज, लिहिलेल्या हव्यात. पुढे एचईव्हीसी येण्याची चिन्हं असतील तर आजच एचईव्हीसीवाला घ्या, जुन्या एच.२६४ चे चॅनेल त्यावर चालतातच, उलट मात्र होत नाही. काही चॅनेल पैसे भरून बघायचे असतील तर त्याच्या कार्डाची किंवा मॉड्यूलची खाच त्या बॉक्सला आहे का, ते आधी पाहा. संगणकाला लावायच्या स्वस्त यूएसबी ट्यूनरबद्दल सावध राहा. आरटीएल२८३२यू चिपचे जे असंख्य डोंगल फिरतात, त्यांच्या त्या चिपला फक्त पहिल्या पिढीचं डीव्हीबी-टी येतं.

जोडणी सोपी आहे. अँटेनाची केबल टीव्हीतून काढून बॉक्सच्या 'आरएफ इन'मध्ये, बॉक्सपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआय. १०८०आयसाठी कुठलीही धड एचडीएमआय केबल चालते, महागड्या केबलीने चित्रात काडीचा फरक पडत नाही. बॉक्सला 'आरएफ आउट' असेल तर तिथून टीव्हीच्या अँटेना जॅकला आणखी एक केबल टाका, म्हणजे टीव्हीचा स्वतःचा ट्यूनरही चालू राहील आणि एक चॅनेल बॉक्सवर, दुसरा टीव्हीवर असं करता येईल.

टीव्हीला डीव्हीआय जॅक असेल तर एचडीएमआय ते डीव्हीआय केबल चालते, पण आवाज वेगळ्या वायरने न्यावा लागतो आणि त्या जॅकला एचडीसीपी नसेल तर पडदा काळा राहू शकतो. एचडीएमआयच नसलेल्या जुन्या नळीच्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी वायर लावायची. एक नीट समजून घ्या: त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. बॉक्स एचडी पकडतो, पण देतो एसडी. एचडीएमआयवरून पिवळ्या वायरीत बदल करणारं चिमुकलं यंत्र मिळतं, तेही एवढंच करतं. चॅनेल दिसतील, चित्र जुन्याच दर्जाचं.

जोडल्यावर बॉक्सच्या मेनूत चार गोष्टी बघायच्या. रिझोल्यूशन: काही बॉक्स पहिल्यांदा ५७६ वर सुरू होतात आणि लोक तेच एचडी समजून पाहतात. १०८०आय किंवा १०८०पी करा. प्रक्षेपण १०८०आयचं असेल तर अर्ध्या-अर्ध्या ओळी जोडून पूर्ण फ्रेम करण्याचं काम १०८०आय ठेवल्यास टीव्ही करतो, १०८०पी ठेवल्यास बॉक्स करतो. धावत्या खेळाडूच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसत असतील तर दुसरा पर्याय लावून बघा. वेग: प्रक्षेपण ५० हर्ट्‌झचं असेल तर बॉक्सही ५० वर ठेवा, ६० वर ठेवला की खालून सरकणारी बातम्यांची पट्टी दर क्षणाला अडखळते. आवाज: एचडीएमआयवर आवाज येत नसेल तर आवाजाचं आउटपुट 'पीसीएम' करा, जुन्या टीव्हीला मूळ आवाजाची पद्धत कळत नसते. आकार: १६:९.

टीव्हीच्या बाजूलाही एक सेटिंग आहे. जुन्या सवयीने टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतो आणि उरलेलं ताणून पडदाभर करतो. त्यात एचडीचा धारदारपणाच जातो. चित्राच्या आकाराच्या मेनूत 'स्क्रीन फिट', 'जस्ट स्कॅन' किंवा 'फुल पिक्सेल' अशा नावाचा पर्याय सापडेल, तो लावा.

'एचडी अँटेना' नावाची वस्तू

दुकानातल्या खोक्यावर 'एचडी डिजिटल अँटेना' लिहिलेलं असतं. अँटेनाला लहर कळते, तिच्यात एचडी आहे की एसडी हे कळत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची, त्याच बँडची, न गंजलेली अँटेना एचडीला तितकीच चालते, आणि खिडकीत चिकटवायच्या पातळ पत्र्यापेक्षा पुष्कळदा सरस ठरते.

बघायचं ते बँड, म्हणजे अँटेना कोणत्या फ्रीक्वेन्सींसाठी बनवली आहे ते. अँटेनाच्या काड्यांची लांबी मोजा. लहरीच्या साधारण निम्मी लांबी हे तिचं माप: यूएचएफसाठी २० ते ३२ सेंटीमीटर, व्हीएचएफच्या (यूएचएफखालच्या, लांब लहरींच्या) वरच्या बँडसाठी ६५ ते ८५. हातभर लांब काड्यांचीच अँटेना असेल आणि एचडी यूएचएफवर असेल, तर ती बदलावी लागेल. यूएचएफच्या काही अँटेना बँडच्या एकाच भागासाठी बनवलेल्या असतात, आणि हे आता जास्त महत्त्वाचं आहे, कारण यूएचएफचा वरचा भाग मोबाइल सेवांना गेला. युरोपात टीव्हीसाठी आता ४७० ते ६९४ मेगाहर्ट्‌झ उरले, अमेरिकेत ६०८ पर्यंतच. वरच्या चॅनेलसाठी घेतलेली जुनी अँटेना खालच्या बँडमध्ये कमी पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे काड्या आडव्या की उभ्या. मुख्य केंद्रं बऱ्याचदा आडव्या लहरी पाठवतात, लहान रिले केंद्रं काही देशांत उभ्या. शेजारच्या छपरांवरच्या अँटेना पाहिल्या की लगेच कळतं. चुकीच्या दिशेने काड्या बसवल्या तर नीट बसवलेल्या अँटेनाच्या मानाने सिग्नल शंभरपट कमी होऊ शकतो.

आणि जागा. घरात, भिंतीआड, अँटेनाला मिळणारा सिग्नल छपराच्या दहाव्या हिश्श्यावर सहज येतो. उष्णता अडवणारी धातूची फिल्म लावलेली काच तर भिंतीहून वाईट. घरातच ठेवायची असेल तर खिडकीच्या कडेला हातभर इकडेतिकडे सरकवत दर्जाची पट्टी बघत राहा. यूएचएफला २०–३० सेंटीमीटरने चित्र पालटतं, कारण भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एका जागी एकमेकींना मारतात आणि बाजूच्याच जागी जोर देतात.

जुन्या ॲनालॉग टीव्हीत सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि माणूस वेळेत सावध व्हायचा. डिजिटलमध्ये ही पूर्वसूचना नसते. काठावरचा सिग्नलही चित्र अगदी निर्दोष देतो आणि आणखी एक-दोन डेसिबल घटले की चौकोन, मग काळा पडदा. म्हणून 'दिसतंय ना' एवढ्यावर थांबू नका. पाऊस, ओलं झाड, उन्हाळ्यातली हवा यांच्यासाठी थोडी शिल्लक हवी. दर्जाची पट्टी काठावर दिसत असेल, तर आज चित्र चांगलं असलं तरी काम अपुरं आहे. टक्क्यांचे आकडे मात्र दोन वेगळ्या कंपन्यांच्या टीव्हींमध्ये ताडून पाहू नका, प्रत्येकाचं माप स्वतःचं. मीटर असेल तर भिंतीवरच्या जॅकपाशी ४५ ते ७५ डीबी-मायक्रोव्होल्टच्या दरम्यान पातळी असावी.

केबल आणि तिची टोकं

घरात येणारी केबल ७५ ओमची हवी. आरजी-६ घ्या, २० मीटरमागे यूएचएफला ती साधारण ४ डेसिबल खाते, जुनी बारीक आरजी-५९ त्याहून पुष्कळ जास्त. ३ डेसिबल म्हणजे निम्मा सिग्नल, हे ध्यानात ठेवलं की एकेका मीटरची किंमत कळते. फार जुन्या अँटेनाला चपटी, दोन तारांची ३०० ओमची पट्टी असते. ती कोॲक्सला, म्हणजे आजच्या गोल केबलला, थेट पिळून जोडू नका, मध्ये ३०० ते ७५ करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे बलून, लागतो.

घरगुती जोडण्यांत दोष सर्वांत जास्त सापडतो तो केबलच्या टोकाला. एफ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचा नटवाला जोड, बसवताना टोकापासून १२–१३ मिलिमीटरवर फक्त बाहेरचं आवरण गोल कापा, जाळी कापू नका. जाळीच्या तारा मागे आवरणावर दुमडा, सगळ्या. त्याखालची चंदेरी पन्नी पांढऱ्या इन्सुलेशनला चिकटलेली राहू द्या. आता टोकाकडचं सुमारे ६ मिलिमीटर पांढरं इन्सुलेशन पन्नीसकट काढून मधली तांब्याची तार उघडी करा. तारेवर चाकूचा ओरखडा पडू देऊ नका, तिथेच ती पुढे मोडते. कनेक्टर रेटून, फिरवून बसवा, आत पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या तळाशी सपाट दिसेपर्यंत. तार नटच्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे यायला हवी. शेवटी उजेडात धरून आत पाहा: जाळीची केसाएवढी एक तार जरी मधल्या तारेला टेकली, तरी सिग्नल जमिनीला जातो, आणि त्याच केबलीतून बूस्टरला वीज जात असेल तर तीही शॉर्ट होते. दाबून बसणारे कनेक्टर स्क्रूवाल्यांपेक्षा जास्त टिकतात. त्यांचं अवजार आणावं लागतं, पण छपरावरच्या जोडासाठी ते सार्थकी लागतं.

बाहेरच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप घट्ट गुंडाळा आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून ठिबकेल. एकदा का पाणी आत शिरलं की ते जाळीतून मीटर-दोन मीटर सरकतं आणि तांबं हिरवं पडतं. अशी केबल टोक कापून सुधारत नाही, पूर्ण बदला.

दोन टीव्हींना वाटणारा स्प्लिटर प्रत्येकाला निम्म्याहून कमी सिग्नल देतो, तोटा ३.५ ते ४ डेसिबल. चार वाटांचा असेल तर ७ ते ८. दोनच टीव्ही असताना चार वाटांचा स्प्लिटर लावू नका. रिकाम्या वाटांवर ७५ ओमचं टोपण घाला.

बूस्टर

बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो आणि स्वतःचा थोडा घालतो. टीव्हीजवळ लावलेला बूस्टर केबलमध्ये आधीच मलूल झालेला सिग्नल मोठा करतो, त्याने दर्जा वाढत नाही. त्याची जागा अँटेनाच्या खांबावर, केबलमधला तोटा सुरू होण्याआधी. गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवतो, यापेक्षा नॉइज फिगर, म्हणजे स्वतःचा गोंगाट किती घालतो, ते बघा. २ डेसिबल किंवा कमी असेल तर चांगला.

खांबावरच्या बूस्टरला वीज केबलीतूनच जाते, घरातल्या छोट्या पुरवठा-डबीतून १२ किंवा २४ व्होल्ट. मध्ये स्प्लिटर असेल तर वीज जाऊ देणाऱ्या वाटेलाच ती डबी जोडावी लागते, नाहीतर बूस्टर मेलेला राहतो आणि बंद बूस्टर सिग्नल अडवून धरतो. बऱ्याच टीव्ही-बॉक्सच्या मेनूत 'अँटेना पॉवर ५ व्होल्ट' असा पर्याय असतो. घरातल्या बूस्टरवाल्या छोट्या अँटेनासाठी तो चालू करायचा, साध्या अँटेनासाठी बंद. साध्या अँटेनाची रचना पुष्कळदा विजेच्या दृष्टीने शॉर्टच असते, मग पडद्यावर 'अँटेना ओव्हरलोड' असा इशारा येतो.

केंद्र जवळ असेल तर बूस्टर उलटा बाधतो. ताकद शंभर टक्के आणि दर्जा कमी, हे त्याचं लक्षण. बूस्टर काढा, तरीही तसंच राहिलं तर सिग्नल कमी करणारा ६ ते २० डेसिबलचा ॲटेन्युएटर लावा. मोबाइलचा मनोरा समोर असेल तर त्याचा सिग्नलही बूस्टरला दडपतो. मोबाइलच्या लहरी गाळणारा एलटीई फिल्टर बूस्टरच्या आधी लागतो. नंतर लावून उपयोग नाही, कारण बिघाड तोवर बूस्टरच्या आत झालेला असतो.

चॅनेल शोधताना

नवी जोडणी झाली की आधी फॅक्टरी रीसेट, मग देश निवडा, मग शोध. देश चुकला तर पट्टीची रुंदी आणि चॅनेलचे नंबर चुकतात, आणि काही टीव्ही देशावरूनच टी२ चालू ठेवायचं की नाही हे ठरवतात. दोन केंद्रांचे सिग्नल येत असतील तर ऑटो शोध कधी कधी कमजोर केंद्राचे चॅनेल पहिल्या नंबरांवर बसवतो आणि चांगले मागे ७००–८०० च्या घरात ढकलतो. अशा वेळी अँटेना काढून ठेवा, ऑटो शोध सुरू करा, आणि आपल्या केंद्राच्या चॅनेल नंबरांची वेळ आली की तेवढ्यापुरती केबल लावा. मॅन्युअलमध्ये एकेक नंबर घालणं त्याहून सोपं.

सगळं नीट असताना दिवसातून ठरावीक वेळीच चित्र फुटत असेल तर घरातलंच काहीतरी पाहा: मिक्सर, पंप, स्वस्त एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, किंवा अँटेनाच्या केबलीला खेटून गेलेली निकृष्ट एचडीएमआय केबल. संशयित वस्तू एकेक करून बंद करा आणि दर्जाची पट्टी बघा. एकाच फ्रीक्वेन्सी-पट्टीवरचे चॅनेल बिघडतात आणि बाकीच्या पट्ट्यांवरचे धड राहतात, असं असेल तर त्या फ्रीक्वेन्सीवरचा हस्तक्षेप किंवा अँटेनाच्या बँडची कमतरता. सगळ्याच फ्रीक्वेन्सींवरचा सिग्नल एकदम खाली आला तर केबल, जोड किंवा बूस्टरची वीज. छपरावर चढण्याआधी दोन मीटरच्या नव्या केबलीने टीव्ही थेट बूस्टरच्या डबीला किंवा भिंतीतल्या मुख्य जॅकला जोडून पाहा; तिथे चित्र चांगलं आलं तर दोष घरातल्या वायरिंगचा, आणि शिडी लागणार नाही.